समुद्रावर जायचंय ना? मग आधी तिथी बघा

कपडे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, पोरांच्या जास्तीच्या चड्ड्या हे तुम्हाला सांगायला नको. दोन घरं एकत्र निघाली की ते सगळं आपोआप दुप्पट होऊन डिकीत येतंच. मी तिथीपासून सुरुवात करते, कारण गेल्या मे महिन्यात आमच्या डिकीत सगळं होतं, बॅडमिंटनच्या रॅकेटीसुद्धा होत्या, आणि तिथी मात्र कुणी बघितली नव्हती. तशी म्हटली तर बघितलीही होती. आईंची एकादशी प्रवासात नको म्हणून मीच कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि दोन दिवस आधीचा दिवस धरला. नवमी. नवमीला संध्याकाळी समुद्रावर जाणं म्हणजे काय, हे आम्हा घाटावरच्या माणसांना कोण सांगणार?

तर दिवस ठरवायच्या आधी भरती-ओहोटी बघा. हॉटेल बघायच्या आधी. रजा टाकायच्या आधी. जावेला फोन करायच्या आधी.

आपण सांगलीची माणसं आहोत हो. ऑगस्ट लागला की आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट झालं हे आपण दूधवाल्यालाही विचारतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या ह्यांनी दर दोन तासांचा आकडा वरच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. अजून आहे तो, रंग देताना तेवढा चौकोन सोडलाय. आणि हीच माणसं मे महिन्यात समुद्रावर गेली की पाणी जिथं दिसतंय तिथंच राहणार अशा समजुतीनं सतरंजी अंथरतात. कृष्णा चढते ती पावसाळ्यात, आणि तेही कोयनेतून किती सोडलंय याची बातमी देऊन. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आभाळात ढगाचं नाव नसतानासुद्धा.

झालं ते असं. पाचच्या सुमाराला भाट्याला पोचलो. भाट्याचा किनारा छान आहे, त्यात वाद नाही. रत्नागिरी शहरातून खाडीवरचा पूल ओलांडला की लगेच, लांबच लांब सरळ, मागे सुरूची झाडं. वाळू सकाळपासून उन्हात वाळलेली, पायाला गरम. आईंना पोरं नजरेसमोर हवीत म्हणून आम्ही सतरंजी पाण्याजवळ टाकली, लाटांपासून वीसेक पावलांवर. डबे उघडले. सहाच्या आसपास फेस सतरंजीच्या दशांना लागला. हे म्हणाले, "येती एखादी अशी मोठी." आम्ही सतरंजी चार हात मागे ओढली आणि फोटो काढायला गेलो. चार हात! तीच दुसरी चूक. सव्वासहाला मागून आईंची हाक आली. वळून बघते तो पाणी सतरंजीच्या खालून शिरलेलं, सतरंजी मधोमध फुगून उचललेली आणि भडंगाचा डबा कलंडलेला. सांगलीहून पावणेदोनशे किलोमीटर सांभाळून आणलेलं भडंग पाण्यावर पसरलं होतं. चुरमुरे एका क्षणात फुगून पांढरे पडले, तिखटाचा लाल तवंग वेगळा झाला, आणि तळलेला लसूण नि कढीपत्ता लाटेबरोबर मागं-पुढं, मागं-पुढं. माझी पर्सही त्यातच. पर्समध्ये गाडीची किल्ली. पाच चपला गेल्या. तीन जरा लांबवर सापडल्या, त्यातल्या दोन डाव्या.

शहाळ्याच्या गाडीवरचे काका कोयता हातात धरून हे सगळं बघत होते. हसले नाहीत, एवढं मात्र खरं. म्हणाले, "पाणी चढतंय का उतरतंय, विचारायचंत ना कोणाला तरी. नवमी आज. तिथीला पाऊण लावा, की भरती कळली."

आणि आईंनी सतरंजीचा एक कोपरा पिळता पिळता सांगितलं, "नऊ पाऊणे पावणेसात." आईंना पाऊणकी तोंडपाठ आहे. चौथीपर्यंतची शाळा, पण पावकी-निमकी-पाऊणकी सगळं खडाखडा. म्हणजे भरतीचं गणित आमच्याच गाडीत, मागच्या सीटवर, आवळासुपारी चघळत बसून आलं होतं. विचारलं नाही कुणी.

तर हिशेब असा. शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याला तीननं गुणा, चारनं भागा. पंचमी असेल तर पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकरा. ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. तिथून सहा तासांच्या जरा पुढं पूर्ण ओहोटी. रोज भरती पाऊण तासानं, खरं तर पन्नास मिनिटांच्या आसपास, पुढं सरकते, म्हणून तर पाऊण. हा हिशेब मोघम आहे, जागेप्रमाणं तास-पाऊण तास इकडंतिकडं होतो. रत्नागिरीचं नाव घालून मोबाईलवर शोधलं तर मिनिटांसकट वेळ मिळते, तीही बघा. पण मोबाईलला रेंज नसली तरी तिथी असतेच, म्हणून हा हिशेब डोक्यात राहू द्या.

आता याचा अर्थ काय ते नीट ऐका. षष्ठी ते दशमी या दिवसांत भरती संध्याकाळी साडेचार ते साडेसातच्या मध्ये येते. म्हणजे तुम्ही बसणार, सूर्य बुडणार, पोरं किल्ले करणार, त्याच वेळी पाणी अंगावर येणार आणि बसायला वाळूची नुसती पट्टी उरणार. या दिवसांत भांगाची भरती असते, फार उंच चढत नाही, असं कोणी सांगेल. आमचीही भांगाचीच होती. पाणी उंचीनं थोडंच चढलं, तरी वाळू जवळजवळ सपाट असली की ते कितीतरी पावलं आत येतं. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस, हे संध्याकाळसाठी धरा. भरती दुपारच्या आसपास होऊन जाते आणि तुम्ही पोचता तेव्हा पाणी उतरत असतं किंवा उतरून गेलेलं असतं. ओली, घट्ट, सायकल चालवता येईल अशी वाळू लांबपर्यंत मोकळी. त्यातही पौर्णिमा मिळाली तर पश्चिमेला सूर्य बुडत असताना मागं सुरूच्या आडून चंद्र वर येतो, ते एकदा बघाच. फक्त हे दिवस उधाणाचे. पाणी जितकं लांब जातं तितकंच जोरात परत येतं. त्यामुळे पौर्णिमेला नऊपर्यंत पाण्यापाशी रेंगाळायचं नाही.

शनिवार-रविवार आणि तिथी जुळत नसेल तर पुढचा शनिवार धरा. आठवडा थांबा. पोरांच्या सुट्ट्या जूनपर्यंत असतात, समुद्र कुठं जात नाही. जुळवून घेता येत नसेलच तर सकाळी किनाऱ्यावर जा आणि संध्याकाळी रत्नागिरीतच मांडवीच्या जेटीवर बसा. पण अष्टमी-नवमीला संध्याकाळी वाळूत सतरंजी टाकून जेवायचा बेत करू नका. मी हे चौथ्यांदा सांगतेय, माहीत आहे मला.

निघायची वेळही समुद्रच ठरवणार. सांगलीहून कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. कोल्हापुरात शिरायचं की वाठार-कोडोलीवरून बोरपाडळ्याला निघायचं, यावर घराघरांत वाद आहेत, मी त्यात पडत नाही. साडेचार-पाच तास धरा, रस्त्याचं काम कुठं लागलं तर वर तासभर. सकाळी नऊच्या आत निघालात तर जेवण करून, जरा आडवं होऊन पाचला किनाऱ्यावर. अकराला निघून थेट समुद्रावर उतरायचं आणि घामेजलेल्या कपड्यांनी सतरंजी कुठं टाकायची ते ठरवायचं, हा आमचा गेल्या वर्षीचा पराक्रम. रत्नागिरी सांगलीच्या अगदी नाकासमोर पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथं सूर्य आपल्यापेक्षा पाचेक मिनिटंच उशिरा मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमाराला. तेवढ्या पाच मिनिटांच्या भरवशावर घाटात वडे खात बसू नका. उलटीची गोळी मलकापूरला द्या. घाट लागल्यावर दिली तर गोळीही बाहेर येते.

उकाड्याबद्दल थोडं. आपल्याकडं ऊन भाजतं, तिथं ऊन शिजवतं. पारा सांगलीपेक्षा कमी दाखवतो आणि माणूस दुप्पट घामेजतो. सुती घाला. जीन्स घालून पाण्यात शिरणारी माणसं मी दरवेळी बघते आणि दरवेळी मला त्यांच्या आईची कीव येते. पाणी भरपूर न्या, त्यात एक बाटली मीठ-साखर-लिंबाची. तिथं कोकम सरबत मिळतंच, ते प्या.

खाण्याचं: भडंग न्या, पण फिरकीच्या झाकणाच्या बरणीत. कांदा-कोथिंबीर घरून चिरून न्यायची नाही, तिथं चिरायची. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी टिकते. दहीभात नेऊ नका, त्या हवेत दुपारपर्यंत आंबतो. आणि सगळं खाणं एका पिशवीत, एका हातात उचलता येईल असं. कारण पाणी आलं की कोण कुठला डबा उचलतो याला काही धरबंध राहत नाही. आमच्यात दिरांनी रॅकेटी वाचवल्या.

किल्ली, पैसे, फोन हे प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी पाण्यात न जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात. सतरंजीवर नाही, चपलेत नाही, "इथंच ठेवलंय गं" असं तर नाहीच. माझ्या पर्समधल्या किल्लीचा रिमोट मेला. दार किल्ली घालून उघडलं हे नशीब, पण पुढं दोन दिवस गाडी मध्येच आपापली बोंबलायची. गाडी वाळूत घालू नका. दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या दिसल्या म्हणून तर मुळीच नको. त्या कुठल्या तिथीला आल्यात आणि कधी निघणार आहेत, तुम्हाला काय माहीत? भरतीत चाक रुतलं की जितका ॲक्सिलरेटर द्याल तितकं खाली जातं, आणि खारं पाणी पत्र्याला काय करतं ते वर्षभरानं कळतं. डांबरी सोडायची नाही.

अंगाला जायच्या आधी थोडं खोबरेल लावा, खारं पाणी कमी चरचरतं. वाळू काढायला टाल्कम पावडर. ओल्या अंगाची वाळू पाण्यानं निघत नाही, नुसती पसरते. आधी टिपून कोरडं करा, पावडर टाका, हात फिरवा, झरझर गळून पडते. याबद्दल मला कुणीही धन्यवाद दिलेले नाहीत, पण हे खरंच उपयोगी आहे. गोड्या पाण्याचा एक पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवा, पाय धुवायला. प्यायचं पाणी त्यासाठी संपवू नका. जुन्या रबरी चपला घाला. चांगल्या चपला गाडीतच राहू द्यात. गेल्या वर्षी परत येताना साखरप्याला चहाला थांबलो तर आई अनवाणी उतरल्या, आणि टपरीवाल्यानं आमच्याकडं असं बघितलं की जणू आम्हीच त्यांच्या चपला काढून घेतल्यात.

आता किनाऱ्यावर उतरलात की. सतरंजी काढू नका. आधी उभं राहून वाळू बघा. किनाऱ्याच्या लांबीनं एक रेघ असते: वाळलेलं शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, सुरूच्या काड्या, एखादी बाटली, कुणाची तरी एक चप्पल. मागची भरती जिथपर्यंत आली होती ती ही रेघ. सतरंजी या रेघेच्या वर, आणि वर म्हणजे चांगलं दहा-पंधरा पावलं वर, सुरूच्या बाजूला. रेघेच्या खालची वाळू उन्हानं कितीही कोरडी दिसली तरी ती समुद्राची आहे. आम्ही तिच्यावरच बसलो होतो. मला ती रेघ दिसलीही होती. "काय घाण करतात लोक," एवढंच म्हणाले होते मी.

मग जवळच्या माणसाला विचारा: "पाणी चढतंय का उतरतंय?" शहाळीवाला, भेळवाला, होडीपाशी जाळं आवरणारा, कुणीही. लाजू नका. तुम्ही घाटावरून आलाय हे त्यांना तुमच्या बॅगांवरून आधीच कळलेलं असतं. विचारायला अगदीच जिवावर येत असेल तर लाट जिथपर्यंत येते तिथं एक काठी रोवा आणि दहा मिनिटांनी बघा. आयर्विनला खुणेचे आकडे रंगवलेत तसंच हे, स्वतःपुरतं.

पाण्यात शिरण्याबद्दल मी हसत सांगणार नाही. भरती अंगावर येते, ओहोटी ओढून नेते, आणि ओहोटीला पाणी शांत दिसतं म्हणून माणूस आत आत जातो. वर मी ओहोटीचे दिवस बसायला चांगले म्हटले, पोहायला नव्हे. कृष्णेत पोहणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत, माई घाटावर शिकलेले. नदीतलं पोहणं इथं कामाला येतं अशा भ्रमात राहू नका. नदीला पलीकडचा काठ असतो. गुडघ्यापर्यंत, फार तर मांडीपर्यंत, आणि पोराचा हात हातात. काजळी नदी जिथं समुद्राला मिळते त्या खाडीच्या तोंडाकडं तर फिरकू नका. ओहोटीत समुद्राबरोबर खाडीचं पाणीही बाहेर धावत असतं. मे संपत आला की समुद्राचा रंग आणि आवाज दोन्ही बदलतात. १ जूनपासून तर यांत्रिक होड्यांची मासेमारीही दोन महिने बंद असते. रोज समुद्रात जाणारे जिथं थांबतात तिथं आपण रबरी रिंग घेऊन शिरायचं नसतं. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्या माणसाला घरीच ठेवून या. काही झालंच तर ११२.

सूर्य बुडताना फोटो दोन काढा, बाकी बघा. अंधार पडला की आवरायचं. निघताना डोकी मोजा, चपला मोजा. कचरा पिशवीत घालून परत आणा, नाहीतर उद्याच्या रेघेत तुमचंच प्लॅस्टिक असेल. मग मांडवीला जा. तिथली वाळू काळी आहे, जेटीवर वारा असतो, भेळ-आइसक्रीमच्या गाड्या असतात, पोरं तिथं रमतात. मासे खाणाऱ्यांनी शहरात खावेत, वर्ज्य असेल त्यांनी सोलकढी-भात.

मुक्काम करा. रात्री घाट चढून यायचा हट्ट नको, आम्ही तो केला, अनवाणी. गाडी दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवून घ्या. ओले कपडे वेगळ्या पिशवीत. आंबे घ्यायचे तर पेटी उघडून, खालचा थर बघून.

सतरंजी गच्चीवर झटका, घरात नाही. आमच्या सतरंजीच्या शिवणीतून अजून वाळू पडते, आणि दिवाळीच्या साफसफाईला एक कढीपत्त्याचं पान निघालं. यंदा बेत ठरवताना आईंनीच कॅलेंडर मागून घेतलं. आम्ही सुचवलेल्या पहिल्या तारखेला म्हणाल्या, "अष्टमी. नको." दुसरीला द्वितीया निघाली. "बे पाऊणे दीड," म्हणाल्या आणि पेन्सिलीनं गोल केला.